फौंड्रीच्या बुटाचं कातडं

कुलकर्णी मॅनेजरांनी पिशवीतून एक बूट काढला आणि माझ्या शिलाई मशीनवर ठेवला. एकच. डाव्या पायाचा.

"ओळखता का?"

ओळखला. माझाच होता. तीन आठवड्यांपूर्वी मीच तो शिवून, पॉलिश करून दिला होता. दिला तेव्हा आठ नंबरचा होता. आता एखाद्या शाळकरी मुलाच्या पायातसुद्धा गेला नसता. पुढचं कातडं आखडून भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं झालं होतं. आणि बाजूनं, वरपासून टाचेपर्यंत, सुरीनं फाडलेला होता.

"पाय?" मी विचारलं.

"पाय आहे. दवाखान्यात आहे. सत्याप्पाचा. काल ओतकामाच्या वेळी रस सांडला. बूट निघेना. शेवटी कापून काढला." त्यांनी दाराकडं बोट केलं. "बाकीचे पाच जोड परत आणलेत. बाहेर टांग्यात आहेत."

मी बाहेर जाऊन ते पाच जोड उतरवून घेतले.

आधी माझी ओळख सांगतो. मी पायताण करणाऱ्या घरातला. माझे वडील, आबा, पेठेतल्या पैलवानांच्या चपला करायचे. पैलवानाच्या पायाखाली जी चपल टिकते ती कुठंही टिकते, असं त्यांचं म्हणणं. लढाई सुरू झाल्यावर मी लष्करात भरती झालो. बंदूक हातात आलीच नाही. उत्तरेतल्या एका डेपोत पाच वर्षं बूट शिवले. परत आल्यावर शाहूपुरीत एक गाळा घेतला आणि 'सर्व प्रकारचे बूट करून मिळतील' अशी पाटी लावली. लोक मला बूटमास्तर म्हणायला लागले. मलाही ते आवडायला लागलं.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा गावात तेलाची इंजिनं आणि उसाचे चरक करणारे कारखाने एकामागून एक उभे राहत होते. त्यांना लागणारे लोखंडी भाग जिथं ओतले जातात ती फौंड्री. तिथं नळकांड्यासारखी उंच भट्टी असते, तिला क्युपोला म्हणतात. तिच्यातून वितळलेलं लोखंड बाहेर येतं. कामगार त्याला 'रस' म्हणतात. उसाच्या गावात हा शब्द कानाला गोड लागतो, पण हा रस पायावर पडला तर हाडापर्यंत जातो. तो लेडलमध्ये, म्हणजे लांब दांड्याच्या मोठ्या पळीत घ्यायचा, उचलून न्यायचा आणि वाळूच्या साच्यात ओतायचा. हे सगळं काम तेव्हा माणसं अनवाणी करायची.

कुलकर्णी मॅनेजर पुण्याकडचे. कागदावर काम करणारे, पण माणूस भला. अनवाणी पाय बघून त्यांना झोप येत नव्हती. त्यांनीच मालकांच्या मागे लागून सहा जोड नमुन्याचे म्हणून माझ्याकडून करून घेतले होते. मी लष्करी नमुन्याचे केले. घोट्याच्या वर येणारे, पुढं सात भोकांची नाडी, तळाला लोखंडी खिळे. कातडं आबांचं, घरचं. त्याच्यापेक्षा चांगलं कातडं जगात असेल असं मला वाटत नव्हतं.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. मनात भीती होती. सत्याप्पा गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचा, हद्दीजवळच्या गावातला. तिकडची माणसं मराठी बोलता बोलता कानडीत जातात. खाटेवर पाय उंच करून बसला होता. पायाला बँडेज. मला बघून हसला.

"या मास्तर! तुमचा बूट लई इमानी. सोडंनाच मला."

मला हसता येईना. मी स्टूल ओढून बसलो आणि काय झालं ते नीट सांग म्हणालो.

"रस सांडला थोडाच. वंजळभर. बुटावर पडला. मला वाटलं, जाईल घसरून. तर नाडीच्या भोकात अडाकला. यप्पा! मी नाडी वढाय लागलो तर गाठ सुटंना. आनि बूट आवळाय लागला. जितकं वढावं तितकं आवळतंय. जिता असल्यागत. महादू मिस्त्रीनं सुरीनं फाडला म्हणून पाय राहिला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन-तीन म्हैन्यात चालाय लागशील म्हनले." मग तो अगदी सहज म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. अनवानी असतो तर मी उडी मारून पाय झटाकला असता. एका पैशाएवढं भाजलं असतं."

त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी बूट केला नसता तर हा माणूस आज कामावर असता, हे त्याचं सरळ गणित होतं. आणि ते बरोबर होतं.

घरी येऊन तो बूट आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी चष्मा लावला. बूट उलटापालटा केला, वास घेतला, जळका कोपरा नखानं खरवडला. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "कातडं माझंच हाय. पर मी ते भट्टीपुढं न्यायला दिलं नव्हतं."

आबांचं कातडं कसं व्हायचं ते सांगायला हवं. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायची. थेंब थेंब पाणी झिरपून कातडं दिवसेंदिवस मुरतं. ते पावसाला, चिखलाला, घामाला दाद देत नाही. पण सालीत मुरलेल्या कातड्याला एक खोड असते. उकळत्या पाण्याइतकी उष्णता लागली की ते आखडतं. चपलेला हे कधी कळत नाही, कारण चपल कुणी उकळत नाही.

डेपोत आमच्या हाती यायचं ते क्रोम कातडं. ते सालीत नाही, रसायनाच्या क्षारांत कमावतात. ते ओलं असताना निळसर दिसतं. ते उष्णता सोसतं. पण हे मला तेव्हा ऐकीव माहीत होतं. डेपोत कातडं निवडणारा वेगळा, कापणारा वेगळा. मी शिवणारा. पाच वर्षं बूट शिवून मला बुटातलं सगळं कळतं असा माझा समज झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी फौंड्रीत गेलो. मॅनेजरांना म्हणालो, "मला एक दिवस ओतकाम बघू द्या."

"म्हणजे? बूट करायच्या आधी बघितलं नव्हतंत?"

"नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "मालक मुंबईहून जुने लष्करी बूट मागवा म्हणताहेत. मी त्यांना महिनाभर थांबवतो. त्याच्या पुढं माझ्या हातात नाही."

फौंड्रीत सगळ्यात जुना माणूस महादू मिस्त्री. साच्यांचा उस्ताद. रुंद छातीचा, मिशा पांढऱ्या झालेला. पाय अनवाणी, आणि त्या पायांची बोटं पंख्यासारखी पसरलेली. सहा जोडांपैकी एक त्याच्यासाठी होता. त्यानं तो पायात घातलाच नव्हता.

"मिस्त्री, बूट का घातला नाही?" मी विचारलं.

"मास्तर, हिकडं या." त्यानं मला हाताला धरून साच्यांच्या ओळीत नेलं. "चपल काढा. हुबं ऱ्हावा हितं. काय कळतंय?"

"वाळू आहे. गार आहे."

"आता हितं."

"ही पण गार आहे."

"ही जादा वली हाय!" तो ओरडला. फौंड्रीत सगळेच ओरडून बोलायचे. "वल्या वाळूत रस पडला की वाफ हुती आनि फटाक्यागत उडतोय. मानसं मरत्यात. वाळू कितपत वली हाय ते माझ्या पायाला कळतंय. तुमच्या बुटाला कळतंय व्हय?"

मला वाटलं होतं, म्हातारा हट्टी आहे. हट्टी होताच, पण त्याच्या हट्टाला कारण होतं.

दिवसभर मी एका खांबाला टेकून बघत राहिलो. सकाळभर साचे बांधायचं काम. त्यात रस नाही, धोका नाही, पायाला वाळू कळायला हवी. दुपारी तीनला क्युपोला फोडला, म्हणजे रस बाहेर यायचं तोंड उघडलं. मग दीड तास नुसती धावपळ. ठिणग्या कुठं पडतात ते मी बघत होतो. बोटांवर कमी, पावलाच्या वरच्या फुगीर भागावर जास्त. म्हणजे मी जिथं नाडी ठेवली होती, नेमकी तिथं. शिवाय मी माणसांना पॅन्ट बुटात खोचायला शिकवलं होतं, लष्करात खोचतात तशी. उडालेला थेंब पॅन्टवरून घरंगळून सरळ बुटात जात असणार. खिळ्यांचंही तसंच. तापलेल्या लोखंडी पत्र्यावरून दोनदा गेलं की खिळे तापून तळपाय भाजत असणार. आणि पत्र्यावर घसरत असणार ते वेगळंच.

संध्याकाळी मिस्त्रीला म्हणालो, "साचे बांधताना बूट नको. मान्य. फक्त ओतताना घालायचा. पटकन चढला आणि पटकन उतरला तर घालाल?"

"किती पटकन?"

"तुम्ही सांगा."

त्यानं मिशीवर हात फिरवला. "पाच म्हनूस्तवर निघाला पायजे. हात न लावता निघाला तर लईच ब्येस."

आता कातडं. शाहूपुरीत एका व्यापाऱ्याकडं क्रोम मिळतं असं कळलं. त्यानं दोन गुंडाळ्या पुढं टाकल्या. एक स्वस्त, एक महाग. दोन्ही काळ्या, दोन्ही गुळगुळीत. दोन्ही अस्सल क्रोम, तो शपथ घेऊन म्हणाला. रंग चढवल्यावर वरून काही कळत नाही. मी दोन्हीची चिंधीएवढी पट्टी कापून घेतली, खिशात आबांच्या कातड्याचीही एक होती, आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात शिरलो. डेपोतला कातडं निवडणारा हे करायचा, एवढं मी लांबून बघितलं होतं.

हॉटेलवाल्याला म्हणालो, "उकळतं पाणी पाहिजे. किटलीभर."

"चहा?"

"नुसतं पाणी."

त्यानं किटली आणून ठेवली. तो वळल्यावर मी झाकण काढलं, तिन्ही पट्ट्या दोऱ्याला बांधून आत सोडल्या आणि आकडे मोजायला लागलो. साठपर्यंत गेलो असेन, तोवर तो परत आला.

"पावणं, हे काय सोडलंय आत?"

"कातडं."

"काय?"

"कातडं. तीन तऱ्हेचं."

त्यानं असा काही आवाज केला की रस्त्यावरचे टांगेवाले आत डोकावले. "माझ्या किटलीत कातडं? लोक उद्या माझ्या हाटेलात चहा पितील व्हय?"

मी दोरा वर ओढला. आबांची पट्टी आखडून सुपारीएवढी झाली होती. स्वस्तवाली क्रोमची पट्टीही शेजारी तशीच गोळा झाली होती. म्हणजे ते क्रोम नव्हतंच, सालीचंच होतं, रंग मारलेलं. महागवाली मात्र घातली तशीच बाहेर आली. सरळ, मऊ. मी ती हातात धरून हसत होतो आणि हॉटेलवाला माझ्यावर ओरडत होता. शेवटी ती किटली मी विकत घेतली. दुसरा मार्गच नव्हता. पुढं अनेक वर्षं ती माझ्या दुकानात कातडं उकळायला होती.

हा प्रकार आबांना सांगितला. ते म्हणाले, "उकळून बघायला ती काय डाळ हाय व्हय?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी पागोटं बांधून तयार. "चल. तुझं निळं कातडं बघू तरी."

आणि इथं मला समजलं की अर्धीच विद्या माझ्याकडं होती. क्रोम आहे की नाही ते किटली सांगते. पण त्या कातड्यातला कुठला तुकडा घ्यायचा ते किटली सांगत नाही. आबांनी अख्खं कातडं दुकानाच्या फरशीवर पसरायला लावलं. चष्मा काढला. डोळे जवळजवळ मिटून हाताचा तळवा कातड्यावरून शेपटीकडून मानेकडं नेला.

"हे पोट." त्यांनी कडेचा भाग चिमटीत धरून ओढला. तो रबरासारखा ताणला गेला. "म्हस जेवली की पोट फुगतंय, बसली की लोंबतंय. हितलं कातडं ढिलं. बुटाला लावलंस तर म्हैन्यात पिशवी हुईल. आत अस्तराला घे." मग मान. "हितं सुरकुत्या. जिथं सुरकुती तिथं चीर." मग पाठीच्या मधल्या भागावर हात थांबला. तिथं त्यांनी कातडं आतल्या बाजूला दुमडलं. वरच्या अंगावर बारीक, दाट रेषा उमटल्या आणि सोडल्यावर नाहीशा झाल्या. "हे बूट. बाकीचं बटवं करायला ठेव."

एका ठिकाणी गोचिडांनी खाल्लेली बारीक भोकं होती. रंगाखाली मला दिसलीही नव्हती. आबांच्या अंगठ्याला ती लागली. व्यापारी म्हणाला, "म्हातारबा, दुकान ठेवा की माझं!"

परत येताना आबा म्हणाले, "तळ कशाचा करनार?"

"तुमच्या कातड्याचा. दुहेरी. जमिनीकडून जळाला तरी बदलता येतो."

"खिळं?"

"खिळे तापतात. विचार करतोय."

"इचार कसला? चपलंला कधी खिळा बघितलास? वादीनं शीव. हुबं ऱ्हायला आनखी बळकटी पायजे तर बांबूच्या खुट्ट्या मार. बांबू तापत न्हाय."

तसंच केलं. पुढचा भाग एकाच अखंड तुकड्याचा, पावलावर एकही शिवण नाही, नाडी नाही. बाहेरच्या बाजूला उघडणारी फट, तिच्यावर एक झडप आणि एकच पट्टा. पट्ट्याला आकडा, आकड्याला कातड्याचं बोंडूक, चिमटीत धरता येईल एवढा गोळा. बोंडूक वर ओढलं की आकडा सुटतो, पाय झटकला की बूट जातो. आत तळाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर. पॅन्ट बुटाच्या बाहेर, आत नाही.

राहिला फर्मा. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल, ज्याच्यावर बूट चढवून शिवतात. माझे फर्मे लष्करी मापाचे. जन्मभर अनवाणी चाललेला पाय त्या मापात बसत नाही, बोटं पसरलेली असतात. पहिले सहा जोड सगळ्यांनाच पुढं आवळत होते, पण फुकटचे म्हणून कुणी बोललं नव्हतं. मी कागद घेऊन फौंड्रीत गेलो आणि एकेकाचं पाऊल आखायला लागलो. मिस्त्रीची पाळी आल्यावर तो मागं सरला.

"मास्तर, पायाला हात लावू नका. तुमी शिकल्याली मानसं."

"मिस्त्री, आमच्या घरात तीन पिढ्या दुसऱ्यांच्या पायाला हात लावूनच जेवल्या. ठेवा पाय."

त्यानं पाय ठेवला. नेहमी आरडाओरडा करणारा माणूस, आखून होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याचं पाऊल कागदात मावलं नाही. दोन कागद चिकटवावे लागले.

महिना संपायच्या आत सहा जोड तयार झाले. फौंड्रीच्या अंगणात परीक्षा. मॅनेजर घड्याळ घेऊन उभे. सत्याप्पा काठी टेकत आला होता, त्यानं मोजायचं काम स्वतःकडं घेतलं. पहिल्या माणसानं बोंडूक ओढलं, पाय झटकला. बूट उडून कोळशाच्या ढिगावर पडला. सत्याप्पा जेमतेम तीन म्हणाला होता. मग सगळ्यांना चेव चढला. बूट लांब उडवायची शर्यतच लागली. एक बूट मॅनेजरांच्या ऑफिसच्या खिडकीतून आत गेला आणि दौत सांडली. कुलकर्णी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मिस्त्रीनं आपला जोड घेतला, वजन करून बघितला आणि खुंटीला अडकवून ठेवला. "बगू," म्हणाला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण बूट देणं सोपं, बूट सांभाळायला लावणं अवघड. पावसाळा लागला. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे चिखल. माणसं येताजाताही बूट घालायची, भिजलेले बूट घेऊन यायची आणि ते वाळवायला जिथं ऊब होती तिथं ठेवायला लागली, म्हणजे क्युपोलाच्या बुडाशी. जुलैत दोन जोड माझ्याकडं आले. वरचं कातडं तडकलेलं, तळ पापडासारखा वाकडा.

"मास्तर, तुमचं म्हागडं कातडं फुटलं की!"

मी तडकेत बोट घालून बघितलं. आत कोरडं ठणठणीत. कातड्यात तेल असतं म्हणून ते वाकतं. भट्टीपुढं ठेवलं की तेल उडून जातं आणि कातड्याचा पुठ्ठा होतो. हे मी समजावलं. म्हटलं, तेल द्या त्याला.

पुढच्या आठवड्यात गेलो तर बूट चकचकत होते. एकानं इंजिनाचं काळं तेल फासलं होतं. तेलानं थबथबलेला बूट घालून रसापुढं जाणं म्हणजे पायाला काकडा बांधून जाणं. दुसऱ्यानं घरचं म्हशीचं लोणी लावलं होतं, प्रेमानं, दोन्ही बुटांना. त्यातला एक बूट उंदरांनी घोट्यापर्यंत खाल्ला होता.

तेव्हा मी मॅनेजरांना म्हणालो, "सगळ्यांना सांगून उपयोग नाही. एकाला नेमा."

सत्याप्पाचा पाय पूर्ण बरा व्हायचा होता, हलकं काम त्याला हवंच होतं. तो बुटांचा मुकादम झाला. मी त्याला शिकवलं. रोज काम संपल्यावर ब्रशनं वाळू झाडायची, विशेषतः शिवणीतली, कारण वाळू दोरा कापते. ओला बूट सावलीत, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबून, आडवा ठेवायचा. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एरंडेल, चरबी आणि थोडं मेण एकत्र गरम करून फडक्यानं पुसट हात फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसून काढायचा. सत्याप्पा हे इतक्या कडकपणे पाळायला लागला की बूट न झाडता गेलेल्या माणसाला तो रस्त्यावरून हाका मारून परत आणायचा. "ह्यो बूट मला चावलाय," तो सांगायचा, "मला इचारा त्याची खोड."

मिस्त्रीचा जोड अजून खुंटीलाच होता. सत्याप्पा त्यालाही महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवायचा. दसऱ्याला फौंड्रीत हत्यारांची पूजा झाली. मी गेलो होतो. फावडी, लेडल, साच्यांच्या पेट्या, सगळ्यांना झेंडूची माळ. आणि मिस्त्रीच्या बुटांनाही. हळदकुंकू लावून.

"मिस्त्री, देव्हाऱ्यात ठेवायला दिले नव्हते मी."

"ऱ्हाऊ द्या की मास्तर. दिसत्यात ब्येस."

मी नाद सोडला.

पौषातली गोष्ट. तळ बदललेले दोन जोड पोचवायला मी दुपारी फौंड्रीत गेलो. ओतकाम चालू होतं. तिघं मिळून मोठं लेडल नेत होते, पुढं मिस्त्री. मागच्या माणसाचा पाय पत्र्यावर सरकला. लेडल कलंडलं आणि रसाची जाड धार मिस्त्रीच्या उजव्या पावलावर पडली.

मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. मिस्त्री ओरडला नाही. त्यानं आधी लेडल सरळ केलं, जमिनीवर टेकवलं, दांडा सोडला, मग खाली वाकला. बोंडूक ओढलं, पाय झटकला. बूट धूर सोडत वाळूत जाऊन पडला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्याच्या पायात बूट होता.

सगळे गोळा झाले. सत्याप्पा लंगडत सर्वांच्या आधी पोचला आणि मिस्त्रीचं पाऊल दोन्ही हातांत धरून बघायला लागला. घोट्याजवळ चवलीच्या नाण्याएवढा लाल डाग होता. बाकी पाय जसाच्या तसा, बोटं पंख्यासारखी. सत्याप्पाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिस्त्री त्याच्यावर खेकसला, "रडतूयास कशापायी? दहा शेर रस वाया गेला त्याचं काय ते बघ!"

मी वाळूतून बूट उचलला. पुढचं कातडं काळं पडलं होतं, एका जागी करपून पातळ झालं होतं. पण आखडलं नव्हतं. आत हात घातला, नमदा नुसता कोमट होता.

मॅनेजर धावत आले. त्यांनी पाय बघितला, बूट बघितला आणि खुर्ची मागवून स्वतःच तिच्यात बसले. मग म्हणाले, "मिस्त्री, इतके महिने घातला नाहीत. आज बरा घातलात! अंदाज आला होता का काही?"

"कसला अंदाज? थंडी किती पडलीया बघितली न्हाय व्हय सायब? सकाळपासनं पाय गारठलं हुतं. म्हनलं, घालून बगू." त्यानं दुसरा पाय पुढं केला, अजून बुटात असलेला. "ऊबदार हाय. आनि आवळत न्हाय कुठं."

मालकांनी त्याच आठवड्यात सगळ्या माणसांसाठी जोड सांगितले. वर्षभरात आणखी दोन फौंड्र्यांची कामं आली. मिस्त्री शेवटपर्यंत साचे अनवाणीच बांधत राहिला आणि तीन वाजता बूट चढवत राहिला.

पुढं चाळीस वर्षं मी कामाचे बूट केले. पहिल्या काही वर्षांत गिऱ्हाइकाला कातडं, शिवण, उष्णता असं सगळं समजावून सांगायचो. नंतर सोडून दिलं. बूट घालून चार पावलं चालायला लावायचो आणि कुठं टोचतंय का, एवढंच विचारायचो. जीव वाचावा म्हणून बूट घालणारी माणसं मला सबंध आयुष्यात दोनच भेटली. दोघंही विमा कंपनीचे साहेब होते आणि दोघंही टेबलाशी बसून काम करायचे.